लाकडी मनोरा आणि लोखंडी मनोरा

आमच्या बर्फाच्या कारखान्यात दोन मनोरे होते, एक लाकडाचा आणि एक लोखंडाचा. दोघांत पंधरा पावलांचं अंतर असेल नसेल. कारखाना बघायला आलेला पाहुणा लाकडी मनोऱ्यासमोर उभा राही, कारण त्याच्या फळ्याफळ्यांतून पाणी झरताना दिसे आणि थंडीतल्या सकाळी माथ्यावरून वाफ निघे. लोखंडी मनोऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. तो बुटका, काळा, अंगावर डांबराचे सुकलेले ओघळ. आता म्हातारपणी डोळे मिटून पडलो की मला मात्र तोच आधी दिसतो, आणि मग दिवसभर माझं कोणाशी धड बोलणं होत नाही. घरातले म्हणतात, म्हातारा तिरसट झालाय. म्हणू देत.

सन सव्वीस-सत्तावीसचा सुमार असेल. थळ आणि अलिबागच्या दरम्यान, एका खाडीच्या तोंडाशी, मुंबईच्या एका शेटने हा कारखाना काढला. तोवर आमच्याकडची मासळी एकतर खारवून वाळवायची, नाहीतर नशिबावर हवाला ठेवून मचव्यातून मुंबईला धाडायची. मुंबईहून बर्फ यायचा तो भुशात बांधून, आणि पोचेपर्यंत निम्मा भुसाच उरायचा. शेटला इंजिन सांभाळणारा माणूस हवा होता आणि तो मी होतो. मी जातीचा कोळी, पण देवाने थट्टा अशी केली की मला बोट लागायची. खाडी ओलांडेपर्यंत पोटातलं बाहेर. बापाने दोन मोसम बघितलं आणि मला मुंबईला हाकललं. तिथे एका गॅसच्या कारखान्यात सहा वर्षं फिटर होतो. गावात लोक म्हणत, कोळ्याच्या पोराला पाणी चालत नाही, आग चालते.

इंजिन चालायचं कोळशाच्या गॅसवर. भट्टीत लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा, त्यातून निघणारा गॅस इंजिन स्वतःच ओढून घ्यायचं. पण भट्टीतून निघालेला गॅस तापलेला आणि घाणेरडा असतो. राख, डांबर, डोळ्यांत पाणी आणणारा वास. तो तसाच इंजिनात गेला तर आठवड्यात इंजिन बसलंच म्हणून समजा. म्हणून मध्ये लोखंडी मनोरा. मुंबईला मी असे तीन तऱ्हांचे मनोरे बघितले होते. एकात आडव्या लाकडी पट्ट्यांचे थरावर थर. एकात काहीच नाही, नुसता वरून पाण्याचा फवारा. आणि एकात ठासून भरलेला कोक, म्हणजे दगडी कोळसा जाळून उरतो तो भोकाभोकांचा खडा. फवाऱ्याचा धुतो कमी. पट्ट्यांचा तुंबत नाही, पण उंच लागतो. कोकचा थोडक्या जागेत सगळ्यात चोख धुतो, मात्र काही महिन्यांनी डांबराने गच्च होतो आणि आतला कोक काढून नवा भरावा लागतो. शेटने विचारलं, लहान कुठला? मी म्हटलं, कोकचा. तोच आला.

दुसरा मनोरा पाणी गार करायला. बर्फ करताना यंत्राच्या नळ्या तापतात, त्यांच्यावर गार पाणी सोडावं लागतं, आणि ते तापलं की पुन्हा गार करून परत आणावं लागतं. गावात हसायला विषयच मिळाला. दाराशी एवढा समुद्र असताना हे पाणी गार करायला माळा बांधतायत! पण समुद्राचं पाणी नळ्या खातं आणि विहिरीचं मचूळ पाणी मोजकं. तळं खणून त्यात कारंजी उडवायचाही एक मार्ग असतो, पण आमच्या वाऱ्यात निम्मं पाणी उडून वाडीत गेलं असतं. तेव्हा मनोराच बरा. तापलेलं पाणी वर चढवायचं, फळ्यांवरून थेंबाथेंबाने खाली सोडायचं, आणि मधून वारा जाऊ द्यायचा. वारा पाण्यातली धग घेऊन जातो.

हा लाकडी मनोरा माझ्या सासऱ्यांनी बांधला. मी त्यांना मामा म्हणायचो. साठीच्या आसपासचा माणूस, कोळीच, पण जाळ्यापेक्षा करवत-रंध्यात त्यांचा हात जास्त चाले. पंचक्रोशीतल्या फुटक्या होड्या त्यांच्या अंगणात यायच्या. शेटने त्यांना मुंबईचं एक चित्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "एवडंच? ही तर उबी केलेली होडी. फक्त हिच्यातनं पानी गललं पायजे." आणि महिन्याभरात मनोरा उभा.

उभा राहिला आणि तिसऱ्या दिवशी भांडण. वारा फिरला की मनोऱ्यातलं तुषारपाणी उडून बायकांनी वळणीवर घातलेल्या बोंबलांवर पडायचं. वाळत आलेला बोंबील ओला झाला की संपलाच. बायका कमरेला पदर खोचून कारखान्याच्या दारात, आणि सगळ्यांच्या पुढे कोण, तर खुद्द आमच्या सासूबाई. नवऱ्याने बांधलेल्या मनोऱ्याला त्यांनी ज्या शिव्या घातल्या त्या मी इथे लिहीत नाही. मामांनी ऐकून घेतलं, घरी गेले, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीच्या झिलमिलीसारख्या तिरक्या फळ्या चारी बाजूंनी ठोकल्या. वारा आत जाई, पाणी बाहेर येईना. शेट इतका खूष झाला की मनोरा सांभाळायचं कामच त्याने मामांना देऊन टाकलं. सासूबाई त्यानंतर बाजारात टोपली ठेवता ठेवता सांगायच्या, "आमच्या मानसानं बांदलाय तो."

दर दोन महिन्यांनी मामा लाकडी मनोरा साफ करत. पद्धत मीच घालून दिली होती. आधी खालच्या कुंडातलं पाणी सोडून द्यायचं. मग वरच्या आणि खालच्या फळ्या काढायच्या, म्हणजे आतून वारा खेळतो. घटकाभर थांबायचं आणि मग आत शिरून शेवाळ आणि खाराचे थर खरवडायचे. यात एक दिवसही चूक झाली नाही.

मग त्यांना लोखंडी मनोऱ्याबद्दल कुतूहल वाटू लागलं. एकदा दुपारी डबा खाताना विचारलं, "जावय, त्या काल्याच्या पोटात काय हाय?" मी त्यांना समजावून सांगितलं. समजावून सांगायची मला भारी हौस, मुंबईहून आणलेला तो रोग. मी म्हटलं, "मामा, दोन्ही एकच. वरून पाणी पडतं, खालून वारा चढतो. तुमच्या मनोऱ्यात वारा पाण्यातली धग नेतो, माझ्यात पाणी गॅसमधली घाण नेतं. देवाणघेवाण तीच. दोघे सख्खे भाऊ. एक उघडा फिरतो, दुसरा अंगरखा घालतो."

मामांना हे इतकं आवडलं की हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. "सख्खे भाव," ते म्हणाले. पुढे येईल-जाईल त्याला ते हेच सांगायचे. मलाही माझंच बोलणं आवडलं, हे कबूल करतो. गोष्ट इतकी नेटकी बसली होती की तिला खिंडार पाडायचं माझ्या जिवावर आलं. नाहीतर दोघांतला फरक मला ठाऊक नव्हता असं नाही. लाकडी मनोऱ्याच्या पोटात वारा असतो, लोखंडीच्या पोटात विष. मुंबईला असल्याच एका मनोऱ्यातून बाहेर काढलेला माणूस मी बघितला होता, त्याचे पाय धरून त्याला उचललाही होता. ते मामांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणतो, पण खरं म्हणजे मी ते मागे ठेवलं, कारण डबा चांगला चालला होता.

आणखी एक गोष्ट होती, ती आमच्या लोकांची. आमची सगळी अक्कल नाकात. मासा ताजा की शिळा ते कल्ला उघडून वासावर ठरतं. होडीच्या खणात मासळी कुजली तर तिथे उतरणारा माणूस मरतो, हे आमच्यात पोरांनाही माहीत. म्हणून फळ्या उघडून ठेवायच्या, वास पुरता जाईपर्यंत थांबायचं आणि मगच उतरायचं. बापजाद्यांचा हा नियम खरा आहे, त्याने कितीतरी जीव वाचलेत. पण कोकच्या मनोऱ्याने गॅस धुतला की त्यातलं डांबर जातं, झोंबणारा वास जातो, आणि उरतं ते विष. त्याला वास नसतो. मनोरा जितका चोख धुणार तितकं नाकाला कमी कळणार.

लोखंडी मनोरा मी दोनदा साफ केला होता, आणि दोन्ही वेळा मामा होड्यांच्या कामावर गेलेले. त्याची रीत नेमकी उलटी. भट्टी विझवून दिवसभर गार होऊ द्यायची. तळाशी जे पाणी असतं ते सोडायचं नाही, उलट काठोकाठ भरायचं, कारण ते पाणीच भट्टी आणि मनोऱ्याच्या मधलं दार असतं. त्यात भट्टीकडून येणाऱ्या नळीचं तोंड बुडालेलं असलं की भट्टीतला गॅस इकडे येऊ शकत नाही. इंजिन बंद असताना गॅस धुराड्यातून वर निघून जावा म्हणून मध्ये एक कॉकही होता, फिरवायची झडप, पण ती डांबर साचून पुरती बसत नसे. मला ते माहीत होतं. सगळा भार त्या पाण्यावर होता.

शिमगा चार दिवसांवर आला होता. होड्या सणाला घरी परतत होत्या, मासळी भरपूर, बर्फाला मागणी, आणि नेमका सकाळी इंजिनाचा पट्टा तुटला. नवा पट्टा आणायला मी अलिबागला निघालो. भट्टीवाल्याला सांगितलं, आग विझू देऊ नकोस, आल्याबरोबर इंजिन लावायचंय. मामा लाकडी मनोऱ्याखाली फळीला खिळा मारत होते. त्यांना जाता जाता म्हटलं, "पट्टा बसला की निभेल. पण लोखंडी पण गच्च झालाय, शिमग्यानंतर त्यालाही साफ करायला पाहिजे." ते म्हणाले, "जावा तुमी." एवढंच आमचं शेवटचं बोलणं. त्यांच्या मनात काय आलं ते सांगायला ज्योतिषी नको. इंजिन बंदच आहे, दिवस रिकामा जातोय, जावई दमतोय, तर तो येईपर्यंत आपणच करून ठेवू.

मी परतलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. दारातून आत आलो आणि आधी दिसलं ते खाडीकडे गेलेलं काळं पाणी. लोखंडी मनोऱ्याच्या तळाची तोटी उघडी होती. बाजूला जमिनीवर फडकं पसरलेलं आणि त्यावर वरच्या झाकणाचे बोल्ट ओळीने मांडलेले, एकही इकडचा तिकडे नाही. खालच्या दारातून निम्मा कोक काढून नीट ढीग केलेला. भट्टीवाला सावलीत बसला होता. मला म्हणाला, "मामा आत हायत. मगाधरनं ठोकत व्हते. आता जरा बसल्यात."

मी पट्टा टाकला आणि शिडी चढलो. खालचं पाणी सोडलेलं, वर झाकण उघडं, मग तो मनोरा राहिला नव्हता, धुमसत्या भट्टीचं धुराडं झाला होता. लाकडी मनोऱ्यात वारा खेळावा म्हणून जे जे करायला मी शिकवलं, ते ते मामांनी इथे केलं होतं आणि त्यानेच गॅस वर ओढला गेला. ते वर डांबराने अडकून राहिलेल्या कोकवर बसले होते, पाठ पत्र्याला टेकलेली, लोखंडी पहार मांडीवर आडवी. गाल लाल झाले होते. इतका तजेला मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता, आणि मुंबईला बघितलेल्या त्या माणसाचे गाल असेच होते, म्हणून मला हाक मारायचीही गरज वाटली नाही. तरी मारली. श्वास कोंडून, काखेत दोर घालून आम्ही दोघांनी त्यांना काढलं आणि उंडीच्या झाडाखाली निजवलं. मी छाती दाबत राहिलो. भट्टीवाला शेजारी उभा राहून सांगत होता, मी विचारलं नव्हतं तरी.

"झाकन उगडून दोन घटका थांबले व्हते. दोनदा नाक लावून बगितलं. म्हनाले, कायपन वास न्हाय, जावयाचा टावर चोख धुतोय."

दुसऱ्या दिवशी अलिबागहून पंचनाम्याला माणूस आला. शेटचा मुनीम माझ्याशेजारी उभा. विचारलं, मयताला या यंत्राची माहिती होती का? मी म्हटलं, नाही. त्याला कोणी आत जायला सांगितलं होतं का? नाही. त्याला काही शिकवलं होतं का? डब्यावरची ती दुपार माझ्या डोळ्यांपुढे आली. नोकरी दिसली, घरातली दोन पोरं दिसली, तुरुंगही दिसला. मी म्हटलं, "नाही. ते न विचारता गेले." त्याने लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. माझी सही चांगली होती.

मग गावाला एक म्हण पुरली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ज्या माणसाने फुटक्या होड्या तारल्या, बायकांचे बोंबील वाचवले, तो एका दिवसात आगाऊ म्हातारा झाला. होड्या दुरुस्त करताना लोक त्यांचं उदाहरण द्यायचे, लाकडातल्या माणसानं लोखंडात हात घालू नये. सगळ्यांत वाईट सासूबाईंचं. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. त्या बाईने रडण्याऐवजी राग धरला. ताटावर बसल्या की सुरू व्हायच्या. "येडा माझा घो. ठाव न्हाय त्यात कुनी सांगितलं व्हतं शिरायला?" आणि मग माझ्याकडे बघून, "जावय देवमानूस, म्हनून मना घास मिलतोय." मी खाली मान घालून भात कालवायचो. एकदा तोंड उघडून सांगितलं असतं की त्यांना शिकवणारा मीच, तर त्या बाईला आपला नवरा परत मिळाला असता. रोज ठरवायचो. रोज तो भात गार व्हायचा. सात वर्षं त्या आमच्याकडे होत्या. जायच्या दिवशीही भिंतीकडे तोंड करून एकच शब्द पुटपुटत होत्या, येडा.

पुढे शेटचा धंदा बसला आणि कारखाना मोडीत निघाला. तोवर मी दोन्ही मनोरे सांभाळले. लोखंडी मनोऱ्यावर मी रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, पाणी सोडू नये. यंत्रावरच्या माणसांत वाचता येणारा माझ्याखेरीज कोणी नव्हता. लोखंड भंगारवाला घेऊन गेला. लाकूड कोणालाच नको होतं, खाराने पांढरं पडलेलं. माझ्या बायकोने सांगितलं, ते घरी आणा. बैलगाडीत घालून आणलं. त्यातल्या तिरक्या फळ्या जोडून तिने अंगणात बोंबील वाळवायचा मांडव करून घेतला. बापाच्या हातचे खिळे होते, तिने एकही काढू दिला नाही.

एका सकाळी ती त्या मांडवावर बोंबील टांगत होती आणि मी ओट्यावर बसलो होतो. कशावरून विषय निघाला आठवत नाही. मागे न वळता ती म्हणाली, "तुमी कारखान्यात असायचे तवा बाबा इथंच येऊन बसायचे. ही पाटी उपडी धरून वरनं पानी वतायचे, मना दाखवायला. मग मडकं घ्यायचे, ह्यो काला म्हनून. जावय म्हनतो दोगं सख्खे भाव, असं म्हनायचे. तुमचं सगलं बोलनं पाठ व्हतं त्यांना."

इतकी वर्षं मी जे झाकून ठेवलं होतं ते या ओट्यावर पहिल्यापासून उघडं पडलेलं होतं. मी विचारलं, "मग पंचनाम्याच्या वेळी तू का बोलली नाहीस?"

"बापूस गेलाच व्हता. तुमाला पन नेलं असतं तर पोरांना मी काय घातलं असतं?"

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे दोन शब्द बोलायला मला दहा वर्षं लागली होती.

"चुकतो मानूस. त्याचं मी काय बोलत न्हाय." तिने पाटीतला शेवटचा बोंबील उचलला, त्याचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी काठीवर टाकली. "पन आयशीला सांगायला पायजे व्हतं. बाबा येडे नव्हते. शिकवलं तसंच केलं त्यांनी."

सासूबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.